मैदान गावाचं, टीम मालकाची

अमेरिकेतल्या गावांना पार नसतो. म्हणजे देवळासमोर वड, वडाला बांधलेला चौथरा आणि त्यावर कामधंदा आटोपून टेकलेली माणसं... असलं काही इथे शोधायला गेलात तर हाती मॉलचं पार्किंग लागतं. इथे आलेल्या आपल्यापैकी प्रत्येकाच्या तोंडून ही तक्रार मी ऐकली आहे. पण ऱ्होड आयलंडमधल्या पॉटकेट गावात राहायला आले आणि पहिल्याच उन्हाळ्यात कळलं की या गावाला पार आहे. फक्त त्याला वड नाही. हिरवळ आहे, लाल माती आहे, दिव्यांचे उंच खांब आहेत, आणि त्याला सगळे मॅकॉय स्टेडियम म्हणतात.

आहे म्हणजे होतं. २०२५ साली ते पाडायला घेतलं.

हळहळ वाटली, ती लपवत नाही. पण त्यापेक्षा जास्त काळ एक प्रश्न डोक्यात घोळतोय. गावाचं गावाचं म्हणतात त्यातलं गावाच्या मालकीचं नक्की किती असतं? तो प्रश्न माझा नाहीच खरं तर, माझ्या वडिलांचा आहे. त्याच्याकडे येते. आधी गाव सांगते.

पॉटकेट हे लिहायचं नाव. गावातली माणसं ते 'पटकिट' असं झटक्यात म्हणून मोकळी होतात. वस्ती पंचाहत्तर हजारांच्या आसपास. मधून ब्लॅकस्टोन नदी जाते, आणि गावात तिला धबधबा आहे. या धबधब्यापायी गाव इतिहासात शिरलं. सॅम्युएल स्लेटर नावाचा एक तरुण इंग्रज कारागीर १७८९ साली अमेरिकेत आला. इंग्लंडने तेव्हा सूतकताईच्या यंत्रांचे आराखडे आणि ती यंत्रं जाणणारे कारागीर, दोन्ही देशाबाहेर जाऊ द्यायला बंदी केली होती. हा गडी आराखडे डोक्यात घेऊन आला! त्याने इथे पाण्याच्या जोरावर सूत काढून दाखवलं, आणि १७९३ साली बांधलेली स्लेटर मिल अजून नदीकाठी उभी आहे. अमेरिकेतल्या गिरणी-युगाची गंगोत्री ती हीच.

मग गिरण्यांमागून गिरण्या आल्या. कामाला आयरिश आले, फ्रेंच-कॅनेडियन आले, पोर्तुगीज आले, पुढे केप व्हर्डे बेटांवरचे आणि कोलंबियाचे लोक आले. विसाव्या शतकात स्वस्त मजुरी शोधत गिरण्या दक्षिणेकडच्या राज्यांत निघून गेल्या. मागे उरल्या लाल विटांच्या लांबलचक इमारती.

मी लालबागची. वडील परळच्या एका गिरणीत साच्यावर होते. २००० साली नवऱ्याला प्रॉव्हिडन्समध्ये नोकरी लागली आणि शेजारच्या गावात घरं स्वस्त मिळतात म्हणून आम्ही पॉटकेट बघायला आलो. त्या विटांच्या भिंती, उंच खिडक्या आणि धूर नसलेली धुराडी बघून मला परकं वाटलंच नाही. भोंगा तेवढा कमी होता.

तर मॅकॉय. मोठ्या मंदीच्या मागोमाग, रूझवेल्ट सरकारच्या रोजगार योजनेतून हे मैदान बांधलं गेलं. थॉमस मॅकॉय नावाचे महापौर होते, त्यांनी जागा निवडली ती हॅमंड पाँड नावाची दलदल! खर्च वाढत गेला, लोकांनी या प्रकाराला 'मॅकॉयचं खूळ' असं नाव ठेवलं. १९४२ साली मैदान एकदाचं सुरू झालं. पुढे महापौर वारले आणि त्यांच्या खुळालाच त्यांचं नाव दिलं गेलं. आपल्याकडेही असंच चालतं.

या मैदानाची एक गंमत होती. प्रेक्षकांची पहिली रांग जमिनीपासून बरीच उंच, आणि खेळाडूंची बसायची जागा, म्हणजे डगआउट, तिच्या थेट खाली. त्यामुळे वाकून वही पुढे करून सही मागायची सोयच नाही. पोरांनी यावर उपाय शोधला होता. दुधाचा प्लॅस्टिकचा कॅन कापायचा, त्यात बॉल आणि पेन ठेवायचं, दोरी बांधून कॅन खाली सोडायचा आणि वाट बघायची. खालून हिसका बसला की विहिरीतून पोहरा काढावा तसा वर ओढायचा. याला इथे चक्क 'मासे पकडणं' म्हणत. माझ्या मुलाच्या कॅनमध्ये एकदा सहीबरोबर सूर्यफुलाच्या बियांची टरफलंही आली. खेळाडू दिवसभर त्या बिया चघळत असतात. ती टरफलंसुद्धा त्याने महिनाभर जपली होती.

आता हे मायनर लीग प्रकरण काय आहे ते थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचं कळेल. बॉस्टनचा रेड सॉक्स हा मोठ्या लीगमधला संघ. अशा प्रत्येक मोठ्या संघाखाली पायऱ्या-पायऱ्यांनी छोटे संघ असतात, छोट्या गावांतून पसरलेले. खेळाडूंचा पगार मोठा संघ देतो आणि कोणी कुठे खेळायचं तेही तोच ठरवतो. मैदान चालवणं, तिकिटं, हॉटडॉग, जाहिराती हा सगळा संसार मात्र छोट्या संघाच्या मालकाचा. पॉटकेटचा संघ होता पॉसॉक्स. १९७० पासून बॉस्टनशी जोडलेला, आणि १९७३ पासून ट्रिपल-ए, म्हणजे मोठ्या लीगच्या आधीची शेवटची पायरी. इथून बॉस्टनचं मैदान तासाभरावर. जिम राइस, वेड बॉग्ज, रॉजर क्लेमेन्स, नोमार गार्सियापारा, अलीकडचा मूकी बेट्स, सगळे या दलदलीवरून वर गेले.

त्यामुळे इथला चाहता फार चमत्कारिक असतो. आवडता खेळाडू चांगला खेळायला लागला की तो जातो. वाईट खेळला तरी जातो! संघ कितवा आला हे सप्टेंबरात कोणी विचारत नाही. लोक येतात ते शुक्रवारची संध्याकाळ आहे म्हणून, पोराचा वाढदिवस आहे म्हणून, घरात उकडतंय म्हणून. आमच्या गल्लीतला प्लंबर, मुलाच्या शाळेतल्या बाई, बँकेतली मुलगी, चर्चचे पाद्री, सगळे तिथे भेटायचे. नळाचं काम कधी करणार हे मी दोनदा तिसऱ्या इनिंगमध्ये ठरवलेलं आहे.

पण हे आपोआप झालेलं नव्हतं. १९७७ च्या सुरुवातीला हा संघ दिवाळखोरीत होता. तो घेतला बेन मॉन्डोर नावाच्या गृहस्थांनी. मूळचे क्विबेकचे, ऱ्होड आयलंडमधल्या वूनसॉकेट या गिरणी-गावात वाढलेले, आणि पैसा मिळवला तोही कापडधंद्यात. त्यांच्या पहिल्या हंगामात जेमतेम ७० हजार लोक आले. मॉन्डोरनी काय केलं, तर मैदान स्वच्छ ठेवलं, तिकिटं स्वस्त ठेवली, गाडी लावायचे पैसे घेतले नाहीत, आणि दारात उभं राहून येणाऱ्यांशी गप्पा मारल्या. वाचायला अगदीच साधं वाटतं ना? १९९९ मध्ये सरकारी पैशातून मैदान वाढवलं, दहा हजार माणसं मावतील एवढं. २००५ च्या हंगामात ६,८८,४२१ लोक आले. पंचाहत्तर हजारांच्या गावात!

त्याच्या पुढच्या वर्षी, २००६ च्या उन्हाळ्यात, बाबा आमच्याकडे आले.

आधी त्यांना स्लेटर मिल दाखवायला नेलं. तिथे जुनी यंत्रं मांडून ठेवली आहेत. गाइड बाई माहिती सांगत होत्या आणि बाबा त्यांच्या आधी एकेका भागाचं नाव मला मराठीत सांगत होते. नातू म्हणाला, "आजोबा, तुम्ही इथे आधी येऊन गेलात का?"

मग मॅकॉयला नेलं. दोन इनिंगमध्ये बाबांनी निकाल दिला. "विटीदांडू आणि आट्यापाट्या यांचं लग्न लावलंय." यापेक्षा सोपं बेसबॉल मी तरी कोणाला समजावू शकलेले नाही. शेजारच्या खुर्चीत एक पोर्तुगीज वळणाचे म्हातारे बसले होते. कित्येक वर्षांपासून त्याच जागी बसणारे. दोऱ्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांचं आणि बाबांचं जे काही जमलं! दोघांना समान असे शब्द चारच. लूम, शटल, बॉबिन आणि स्ट्राइक. त्यातल्या शेवटच्या शब्दावर दर वेळी बाबा दचकून मैदानाकडे बघायचे.

त्यांना खरा रस खेळापेक्षा खेळाडूंच्या व्यवस्थेत वाटला. हा मुलगा काल होता, आज का नाही? मी सांगितलं, बॉस्टनला कोणीतरी दुखावलं असेल, म्हणून याला बोलावलं. तो बरा झाला की हा परत येईल. नाहीतर येणार नाही. बाबा थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "म्हणजे बदली कामगार की गं हे सगळे!"

ज्यांनी गिरणगाव पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. बदली कामगार म्हणजे ज्याचं नाव कायम कामगारांत नाही असा. पाळी सुरू व्हायच्या वेळी गिरणीच्या फाटकाशी जाऊन उभं राहायचं. कोणी आजारी असला, गावी गेला असला, तर त्याच्या जागी आजचा दिवस काम. नसला तर घरी परत. अशी वर्षानुवर्षं काढलेली माणसं बाबांनी पाहिली होती, सुरुवातीला तेही तेच होते. ट्रिपल-एचा खेळाडू अगदी हेच करत असतो. फाटक फक्त बॉस्टनमध्ये असतं. आणि पैशांचंही फार वेगळं नव्हतं. या खेळाडूंची संघटना झाली ती थेट २०२२ साली. २०२३ च्या करारात ट्रिपल-एचा किमान वार्षिक पगार १७,५०० डॉलरवरून ३५,८०० झाला. तोवर मोठ्या स्वप्नाच्या भाडेपट्टीवर तरुण पोरं राबत होती.

बाबांना १९८२ आठवणं साहजिकच होतं. १८ जानेवारीला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. बाबांनी नंतर एका सोसायटीत हिशेब लिहून घर चालवलं. त्यांच्या गिरणीमागे एक पटांगण होतं. गिरणीची कबड्डीची टीम तिथे सराव करायची, गणपतीत नाटकं व्हायची, माझ्या आत्याचं लग्नही तिथेच लागलं. आम्ही सगळे त्याला 'आपलं पटांगण' म्हणायचो. ते आपलं नव्हतं, हे गिरणी बंद झाल्यावर पत्रे लागले तेव्हा कळलं.

घरी येताना गाडीत बाबांनी विचारलं, "हे मैदान कोणाचं?"

"गावाचं. नगरपालिकेचं."

"आणि टीम?"

"एका गृहस्थांची. मॉन्डोर म्हणून आहेत."

"माणूस चांगला आहे?"

"फार चांगला आहे हो बाबा."

"वय काय?"

"ऐंशीच्या पुढे असतील."

"हं," एवढंच म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले.

मॅकॉयबद्दल लिहायचं आणि त्या प्रसिद्ध सामन्याबद्दल लिहायचं नाही हे अशक्य आहे. १८ एप्रिल १९८१, ईस्टरच्या आदल्या दिवशीचा शनिवार. पॉसॉक्स विरुद्ध न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरचा रेड विंग्ज. दिवे नीट लागेनात म्हणून अर्धा तास उशीर, प्रेक्षक १,७४०. बेसबॉलमध्ये नऊ इनिंग असतात, बरोबरी झाली तर निकाल लागेपर्यंत खेळायचं. नऊ झाल्या, १-१. बारा झाल्या, पंधरा झाल्या. एकविसाव्या इनिंगमध्ये रॉचेस्टरने एक धाव काढली, लोकांनी सुटकेचा श्वास सोडला, आणि वेड बॉग्जने पुन्हा बरोबरी करून दिली! एका ठरावीक वेळेनंतर नवी इनिंग सुरू करू नये असा नियम होता, पण त्या वर्षी पंचांकडे असलेल्या पुस्तिकेतून तो नेमका गळाला होता. मग पंच खेळवतच राहिले. थंडी अशी की खेळाडूंनी मोडक्या बॅटी जाळून शेकोटी केली. शेवटी लीगच्या अध्यक्षांना फोनवर गाठलं आणि पहाटे चार वाजून सात मिनिटांनी, बत्तीस इनिंगनंतर, २-२ वर खेळ थांबवला. तेव्हा मैदानात १९ प्रेक्षक उरले होते. त्यांना मॅकॉयचे पास भेट मिळाले.

उरलेला सामना २३ जूनला झाला. योगायोग असा की तेव्हा मोठ्या लीगचे खेळाडू संपावर होते. देशभरच्या वार्ताहरांना दुसरं बेसबॉलच नव्हतं, सगळे पॉटकेटला लोटले. डेव्ह कोझाच्या फटक्यावर पॉटकेटने १८ मिनिटांत सामना जिंकला. तेहतीस इनिंग, आठ तास पंचवीस मिनिटं. व्यावसायिक बेसबॉलमधला तो सर्वांत लांब सामना. दोन्ही संघांच्या तिसऱ्या बेसवर त्या रात्री उभे असलेले बॉग्ज आणि रॉचेस्टरचा कॅल रिपकन पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेले. विजयी फटका मारणारा कोझा मोठ्या लीगमध्ये एकही सामना खेळू शकला नाही. बाबांना ही गोष्ट मी सांगितली तेव्हा त्यांनी फक्त कोझाबद्दल विचारलं होतं. "त्याला बदलीवरच ठेवला का शेवटपर्यंत?"

ऑक्टोबर २०१० मध्ये मॉन्डोर गेले. २०१५ च्या फेब्रुवारीत संघ विकला गेला. नवे मालक पैसेवाले होते, बॉस्टन रेड सॉक्सचे त्या वेळचे अध्यक्ष लॅरी लुकिनोही त्यांत होते. आल्या आल्या त्यांनी सांगितलं, मॅकॉय जुनं झालं, आम्ही प्रॉव्हिडन्सच्या नदीकाठी नवं बांधू, राज्याने तीस वर्षांत मिळून सुमारे १२ कोटी डॉलर द्यावेत. लोक खवळले. ते खवळले याला बेसबॉलबाहेरचं एक कारण होतं. त्याआधी २०१० मध्ये राज्याने कर्ट शिलिंग या माजी रेड सॉक्स पिचरच्या व्हिडिओ गेम कंपनीला साडेसात कोटी डॉलरच्या कर्जाची हमी दिली होती. ती कंपनी २०१२ मध्ये बुडाली आणि भुर्दंड जनतेच्या गळ्यात आला. दुधाने तोंड पोळलेलं राज्य, आता ताकही फुंकून पिणार होतं.

प्रॉव्हिडन्सचा बेत बारगळला. मग पॉटकेटमध्येच, महामार्गालगत, ८ कोटी ३० लाखांचं नवं मैदान बांधायची योजना आली. साडेचार कोटी संघाचे, २ कोटी ३० लाख राज्याचे, दीड कोटी गावाचे. सभा झाल्या, पाट्या लागल्या. आमच्या गल्लीतच दोन तट पडले. प्लंबर म्हणायचा, द्या पैसे, नाहीतर गावात उरणार काय? शाळेतल्या बाई म्हणायच्या, माझ्या वर्गाचं छप्पर गळतंय, त्याला द्या आधी. दोघांचंही मला पटायचं, हीच पंचाईत. २०१८ च्या जूनमध्ये विधिमंडळाने योजना मंजूर केली खरी, पण कर्जाला राज्याची हमी राहणार नाही असा फेरबदल करून. १७ ऑगस्ट २०१८ ला संघाने जाहीर केलं की आम्ही मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टरला जातो. चाळीसेक मैलांवरचं तेही एक जुनं कारखान्यांचं गाव. त्याने मैदान बांधून द्यायचं कबूल केलं होतं. २०२१ साली ते उघडलं तेव्हा खर्च १६ कोटींच्या घरात गेला होता.

निरोपाचा हंगाम व्हायचा होता २०२० चा. तो कोविडने खाल्ला, एकही सामना झाला नाही. त्या उन्हाळ्यात संघाने मैदानाच्या हिरवळीवर टेबलं मांडून जेवायची सोय केली, आणि त्याला ही गर्दी झाली. आम्हीही गेलो. जिथे वीस वर्षं वरून कॅन सोडले त्या गवतावर बसून आम्ही बटाट्याचे काप खाल्ले. मुलगा कॉलेजात गेला होता तोवर. तो उठून एकटाच डगआउटपर्यंत गेला आणि खालून वर बघत उभा राहिला. मी हाक मारली नाही.

त्यानंतर मॅकॉय रिकामं पडलं. २०२२ च्या नोव्हेंबरात गावाने मतदान करून ३३ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं, दोन जुनी हायस्कुलं एकत्र करून मॅकॉयच्या जागेवर नवी शाळा बांधायला. मीही बाजूने मत दिलं. त्या शाळेतल्या बाईंचं छप्पर मला विसरता आलं नाही, आणि खरं सांगते, मत देताना वाईटही वाटलं नाही.

वाईट वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. रॉचेस्टर आठवतं ना, तेहतीस इनिंगमधला प्रतिस्पर्धी? त्यांच्यावर ही पाळी १९५० च्या दशकातच आली होती. सेंट लुईसच्या मोठ्या संघाने रॉचेस्टरमधून अंग काढून घ्यायचं ठरवलं. तेव्हा मॉरी सिल्व्हर नावाच्या स्थानिक व्यापाऱ्याने गावात शेअर विकायला काढले. ८,२२२ लोकांनी ते घेतले आणि १९५७ पासून संघ गावकऱ्यांच्या कंपनीचा झाला. तो अजून रॉचेस्टरमध्येच आहे. मैदान बदललं, वरचे मोठे संघ बदलले, गाव बदललं नाही.

हे वाचलं तेव्हा मी चकितच झाले. आपल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. प्रवरेच्या काठी शेतकऱ्यांनी शेअर गोळा करून सहकारी साखर कारखाना उभा केला, त्याला पंचाहत्तर वर्षं झाली. सहकाराचं पुढे काय काय होतं तेही आपल्याला चांगलं ठाऊक आहे, त्यामुळे मी काही आरती ओवाळत नाही. रॉचेस्टरच्या शेजारच्या सिरॅक्यूजमध्येही संघ भागधारकांचाच होता, त्यांनी तो २०१७ मध्ये न्यूयॉर्क मेट्सना विकून टाकला. पण विकायचा की नाही यावर मत द्यायला भागधारक होते तरी. पॉटकेटला कोणी विचारायचं कारणच नव्हतं. गावाकडे दलदलीवरची जमीन होती, विटा होत्या, आठवणी होत्या. पॉसॉक्स हे नावसुद्धा गावाचं नव्हतं.

मॉन्डोर भला माणूस होता याबद्दल गावात दुमत नाही. पण स्वस्त तिकीट, फुकट पार्किंग, दारातल्या गप्पा हे सगळं त्यांच्या भलेपणावर उभं होतं. ते कुठल्या करारात लिहिलेलं नव्हतं. ज्या वर्षांत रोज हजारो लोक येत होते, गावाचा शब्द चालत होता, तेव्हाच कोणीतरी शेअरचा विषय काढायला हवा होता. पण चांगलं चाललेलं असताना हा विषय निघत नाही. बाबांच्या पटांगणात तरी कुठे निघाला होता?

बाबा २०१३ मध्ये गेले. मॅकॉय पाडल्याचं त्यांना कळलं असतं तर 'हं' म्हणाले असते बहुतेक.

आता गावात नदीकाठी फुटबॉलचं नवं स्टेडियम झालंय, २०२५ च्या मे महिन्यात उघडलं. टीमचं नाव ऱ्होड आयलंड एफसी. बांधकामात सरकारी पैसा आहे, टीम खासगी मालकांची आहे. मुलगा मागे लागलाय, आई, तिकिटं काढूया. काढणार आहोत. प्लंबरही जातो म्हणे, आणि आमच्या स्वयंपाकघरातला नळ पुन्हा गळायला लागलाय. पण मी मुलाला म्हटलं, आधी जरा बघ, त्यांचा त्या मैदानाशी करार किती वर्षांचा आहे. तो हसला. म्हणाला, "आजोबांसारखी बोलायला लागलीस."

असो. कोणीतरी बोलायला हवं ना.